शिट्टीचा दिवा

मी सहजासहजी माफ करणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या चाळीत एकाने नळावर माझी बादली मागे सरकवली होती, तर अकरा वर्षांनी त्याच्या मुलाच्या लग्नाला मी गेलो नाही. तेव्हा ज्याने माझ्या इंजिनाची शिट्टी उपटून तिचा दिवा केला, त्याला मी कसा सोडणार होतो?

मुलुंडला एका कारखान्यात मी इंजिन ड्रायव्हर होतो. मोठ्या रेल्वेचा नव्हे. कारखान्याचा स्वतःचा रूळ होता, मागच्या फाटकातून निघून रेल्वेच्या यार्डापर्यंत जाणारा, फार तर मैलभर. रेल्वेवाले मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी यार्डात आणून सोडायचे, आम्ही त्या आत ओढून आणायचो, माल भरला की परत नेऊन ठेवायचो. बाहेर विजेवरच्या गाड्या धावत होत्या आणि ऐंशी साल उलटलं तरी आम्ही आत कोळसाच टाकत होतो. लोक हसायचे. हसू देत. ठेंगणं, काळं इंजिन होतं ते, पण एकदा तापलं की कुरकुर न करता दिवसभर राबायचं. माझा फायरमन माझ्यासारखाच मालवणकडचा. चौदा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. डबा त्याची आई द्यायची.

ती गेली त्या दिवशी फायरमन अर्थातच कामावर नव्हता. दुसऱ्या माणसाला घेऊन मी भरलेल्या वाघिणी यार्डात नेत होतो. फाटकाशी आलो तर रुळाच्या पलीकडे, चिंचेखाली, तिरडी खाली ठेवलेली. स्मशानात नेताना वाटेत विसावा देतात, तो नेमका तिथे दिला होता. फायरमन मडकं धरून उभा होता. रूळ मोकळा होता, मला अडवणारं काही नव्हतं. पण फाटक ओलांडायच्या आधी लांब शिट्टी द्यायची, असा नियम. जिच्या हातची माशांची तिखली मी चौदा वर्षं खाल्ली, तिच्या उशाशी शिट्टी मारायची? माझा हात वर गेलाच नाही. रुळाचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला लाल झेंडी देऊन पुढे चालायला लावलं आणि त्याच्या मागून गोगलगाईच्या चालीने गाडी काढली. कोणाला खरचटलंही नाही.

साहेबाने ते खिडकीतून पाहिलं. यार्ड आणि रूळ सांभाळणारा हा अधिकारी तेव्हा नवीनच आला होता. मला पंधरा दिवस घरी बसवलं, ते मी सोसलं असतं. पण सोळाव्या दिवशी सगळ्या पाळीसमोर उभं करून म्हणाला, "शिट्टी न देता इंजिन हलवतो तो ड्रायव्हर नाही, हातगाडीवाला आहे. नियम म्हणजे नियम. बाप मेला तरी शिट्टी. समजलं का रे?"

समोर फायरमन उभा होता, नुकतंच मुंडण केलेलं डोकं घेऊन. साहेबाला ते दिसत होतं. मी काही बोललो नाही. मी बोलत नाही तेव्हा घाबरायला हवं, हे माझ्या बायकोला माहीत आहे, साहेबाला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी डिझेल इंजिन आलं. त्यावर कोवळी पोरं बसली आणि मला स्टोअरमध्ये ग्रीस नि पुसायच्या चिंध्या वाटायला बसवलं. आमचं इंजिन भंगारात जायचं, पण मोठ्या मालकांना हौस आली. पुढच्या गेटाजवळ रुळाचा एक फाटा होता, तिथे ते शोभेला उभं केलं. काळा-लाल रंग मारला, भोवती साखळी लावली. पाहुणे आले की त्याच्यापुढे फोटो काढायचे.

मग एक दिवस पाहिलं तर शिट्टी जागेवर नाही. पितळेची, वीतभर उंच, मी रोज चिंचेने घासायचो ती. कोणी नेली ते शिपायाने सांगितलं, आणि महिन्याभरात डोळ्यांनीही पाहिली. साहेबाच्या चेंबूरच्या घरी कपाट चढवायला आम्हा दोघांना पाठवलं होतं. कारखान्याची माणसं घरचं कपाट उचलायला, तेव्हा नियम कुठे गेला होता कोण जाणे! हॉलमध्ये शिट्टी लाकडी पाटावर ठोकलेली, डोक्यावर झालरीची टोपी, आणि पोटाला भोक पाडून त्यातून वायर काढलेली. बटण दाबून बाई म्हणाल्या, "छान आहे ना? ह्यांच्या कारखान्यातली आहे."

फायरमनने माझा दंड धरला नसता तर ते कपाट मी त्यांच्या फरशीवर सोडलं असतं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी कारखान्यात प्रत्येक यंत्राची पूजा व्हायची. आमच्या इंजिनालाही हार घालायचं ठरलं तेव्हा माझी आई मला म्हणाली, "मोडक्या हत्याराची पूजा करूची नसता, बाबा. आधी चालता काय बघ." आईचं म्हणणं मी शब्दशः धरलं. दरवर्षी आठ दिवस आधीपासून मी आणि फायरमन सुटी झाल्यावर इंजिन उघडायचो, नळ्या साफ करायचो, सांधे तेलात भिजवायचो, आणि नवमीला पाणी भरून विस्तव घालायचो. जेमतेम हात-दोन हात पुढे सरकेल एवढीच वाफ. ते सरकलं की नारळ फोडायचा, मगच हार. साहेब पेढा खायला यायचा आणि म्हणायचा, "झकास! अजून जिवंत आहे म्हातारं." अशी चार वर्षं गेली.

आणि मग तो दिवस आला, जो मी देवाकडे मागत होतो.

आठ लांबलचक नव्या वाघिणी आत भरून उभ्या होत्या, प्रत्येकीला आठ चाकं. दुपारी चारला यार्डातून रेल्वे त्या उचलून गोदीत नेणार, रात्री जहाज सुटणार. सकाळी आठला डिझेल इंजिनाने मान टाकली. मिस्त्रीने सांगितलं, आज उठायचं नाही. रेल्वेने सांगितलं, आमचं इंजिन तुमच्या फाटकाच्या आत येणार नाही. नऊ वाजता साहेब स्टोअरच्या खिडकीशी उभा होता, आणि त्या दिवशी मी त्याच्यासाठी पहिल्यांदा 'तुम्ही' झालो.

"ते जुनं इंजिन तुम्ही काढू शकाल?"

"काढीन की."

"आठ वाघिणी ओढेल?"

"ओढेल. पण नेता येणार नाही, साहेब."

"का?"

"शिट्टी नाही. शिट्टीशिवाय इंजिन हलवायचं नाही. नियम आहे."

त्याचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. मी चिंध्यांची घडी घालत राहिलो. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"अहो, फाटकावर झेंडीवाला पुढे चालेल ना!"

"तेव्हाही चालत होता."

मागे फायरमन उभा होता. आता त्याच्या डोक्यावर केस होते.

साहेब म्हणाला, शिपायाला गाडी घेऊन घरी पाठवतो. मी म्हटलं, "शिपायाच्या हातून कारखान्याचा माल यायला पावती लागेल, साहेब. तुम्हीच आणा." बिचारा जीपमध्ये बसून चेंबूरला गेला. बॉयलर तापायला निदान चार तास लागणार होते, म्हणजे त्याच्या जाण्याने कामाचा एक मिनिटही खोळंबा नव्हता. पण ते मी त्याला सांगितलं नाही. त्याने सगळी वाट घड्याळाकडे बघत जावं, अशी माझी इच्छा होती.

आम्ही फोडलेल्या खोक्यांची लाकडं नि कँटीनचा कोळसा घालून जाळ केला. नव्या वाघिणींची जोडणी वेगळी, मधोमध लोखंडी जबडा. आमच्या इंजिनाला जुना आकडा. दोन्हींना चालणारा जोड स्टोअरमध्ये पडून होता, आणि स्टोअरचा मालक मीच. त्यांचे ब्रेक हवेवर चालणारे, ते आमच्या इंजिनाकडून लागणार नव्हते, म्हणून प्रत्येक वाघिणीची हवा सोडून हाताच्या ब्रेकांपाशी माणसं ठेवली.

साडेअकराला साहेब परतला. गेटावर जेवायच्या सुट्टीला निघालेली आख्खी पाळी उभी होती. जीपमधून तो उतरला तो दिवा छातीशी धरून, झालरीच्या टोपीसकट, वायर मागे फरफटत. कोणीतरी मागून ओरडलं, "साहेब, बटण लावा ना!" हशा पिकला. मी हसलो नाही. मी बॉयलरवर चढून बसलो होतो. म्हटलं, "द्या वर." त्याला पायरीवर चढून, गरम पत्र्याला कोपर चिकटवत, तो दिवा माझ्या हातात द्यावा लागला. पांढऱ्या शर्टाला काजळीचा पट्टा लागला. झालर मी काढून त्याच्याच हातात परत दिली.

पोटातलं भोक तांब्याची मेख ठोकून बुजवलं आणि शिट्टी तिच्या जागी आवळली. मग खाली उतरून म्हटलं, "एक लेखी द्या. तुमच्या जबाबदारीवर मी हे इंजिन चालवावं, असं. खाली सही." घाईत त्याने दिलं. इंजिन शोभेला लावल्यापासून बॉयलरची सरकारी तपासणी झालेली नव्हती आणि तपासणीशिवाय तो चालवणं गुन्हा होता, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात ते सकाळपासून होतं.

पावणेतीनला मी शिट्टी दिली. पूर्वी ती खणखणीत होती, आता घोगरी झाली होती, घसा बसलेल्या माणसासारखी. तरी साहेबाच्या खिडकीखाली मी ती पुरती मिनिटभर दाबून धरली. पहिल्यांदा चाकं नुसती जागच्या जागी फिरली. आगीच्या बादल्यांतली वाळू रुळावर टाकली, फायरमनने फावड्यामागून फावडं मारलं, आणि त्या आठ धटिंगण वाघिणी म्हाताऱ्यामागून निमूट चालू लागल्या. चिंचेपाशी मी शिट्टी दिली नाही. साहेब पाहत होता. या वेळी त्याला नियम आठवला नाही. चारला दहा कमी असताना यार्डात पोचलो. पोरं टाळ्या वाजवत होती, फायरमन रडत होता, आणि माझ्या मनात फक्त खिशातला कागद होता.

इथे थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो.

फायरमनला कागद दाखवला तेव्हा तो म्हणाला, "नको रे. झाला तेवढा बस झाला. इंजिनाची वाट लागात." मी म्हटलं, इंजिनाचा काय संबंध? सही साहेबाची आहे. दुसऱ्या दिवशी बॉयलर तपासणाऱ्या सरकारी कचेरीत त्या कागदाची नक्कल मी स्वतः नेऊन दिली. पोस्टावरही माझा भरवसा नव्हता.

साहेबाची बदली झाली, कुठल्यातरी आडगावच्या गोदामावर. जाताना तो माझ्याकडे बघूनही गेला नाही. मी मात्र गेटापर्यंत त्याला बघत गेलो, आणि अजूनही आठवलं की बरंच वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण तपासायला आलेला अधिकारी कामाचा माणूस निघाला. त्याने विचारलं, इतकी वर्षं शोभेला ठेवलेलं इंजिन एका दिवसात वाफ कसं धरतं? चारजणांनी कौतुकाने सांगितलं, दर खंडेनवमीला हे दोघं पेटवतात की! त्याने ते लिहून घेतलं. शेरा आला, की ह्या बॉयलरमध्ये पुन्हा कोणाला वाफ करता येऊ नये, अशी व्यवस्था करावी. एका सोमवारी गॅस कटरवाला आला आणि त्याने बॉयलरच्या पोटाला डोकं जाईल एवढं भोक पाडलं. दिव्याच्या भोकापेक्षा कितीतरी मोठं. वरून पुन्हा रंग दिला.

फायरमन कापून पडलेला तो पत्रा बघत उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या आयेच्या तिरडीक तू शिट्टी वाजवूक नाय, ता मी कधी इसारूक नाय. पण ह्येची तिरडी तूच बांधलंस." त्यानंतर त्याने डबा वेगळा आणायला सुरुवात केली.

त्या वर्षी खंडेनवमीला सवयीने मी झेंडूचा हार घेऊन गेलो. साखळीपाशी उभा राहिलो, भोकातून आत बघितलं, आणि हार तसाच परत आणला. घरी स्टुलावर चढून तो दाराला बांधायला लागलो. आई उंबऱ्याशी आपट्याची पानं निवडत बसली होती.

"इंजिनाक घातलंस नाय?"

"मोडक्या हत्याराची पूजा करत नाहीत. तूच म्हणतेस ना."

आईने हातातलं पान खाली ठेवलं.

"होय. पण कोणी मोडल्यान?"

हार बांधून झाला होता. तरी मी बराच वेळ स्टुलावरून खाली उतरलो नाही.