सरासरी घरातली बाई

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी नवऱ्याने टीव्हीवर घरखर्चाचा तक्ता लावला. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे प्रत्येक प्रोजेक्टचा खर्च इतरांच्या सरासरीशी ताडून बघतात. सरासरीच्या आत असेल तर पट्टी हिरवी, वर गेली की लाल, आणि लाल दिसलं की कात्री. तीच रीत त्याने घरात आणली. एका बाजूला देशातल्या शहरी घरांचा सरासरी खर्च, कुठल्याशा पाहणीतून उचललेला. दुसऱ्या बाजूला आम्ही.

दूध लाल होतं, कारण सासूबाईंना डिकॉक्शनची दाट कॉफी लागते, तीही वेळच्या वेळी. साहेबांची घड्याळं आणि हेडफोन 'इतर' नावाच्या रकान्यात शिरले होते, आणि 'इतर' हिरवंगार होतं. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात ते हे! पण सगळ्यांत लांब लाल पट्टी आयाम्माची होती.

आयाम्मा म्हणजे सासूबाईंना दिवसभर सांभाळणारी बाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाईंना आधाराशिवाय उठता येत नाही. आयाम्मा दारात आली की मी पर्स उचलते आणि बस, मग ट्रेन करत एग्मोरला माझ्या बँकेत जाते.

"बाकीच्या घरांत या खर्चाला जवळजवळ काहीच नाही," नवरा म्हणाला. "ते लोक कसं करत असतील?"

"कसं करतात?"

"करतात मॅनेज." मग टीव्हीकडे बघतच पुढे म्हणाला, "तू थोडी वर्षं ब्रेक घेतलास तर ही पट्टीच जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरांतली म्हातारी माणसं काय हवेवर उठतात? त्यांनाही कोणीतरी उठवतं, न्हाऊ घालतं, त्यांचं धुणं काढतं. ती सून असते, नाहीतर लेक. तिला कोणी दमडी देत नाही, म्हणून रकाना रिकामा राहतो. अशा फुकट राबणाऱ्या बायकांच्या जिवावर स्वस्त झालेली घरं दाखवून हा मला नोकरी सोडायला सांगत होता, वर समजावणीच्या सुरात.

"ब्रेक तू घे," मी म्हणाले.

तो हसला. म्हणाला, ब्रेक कशाला, अर्धा आठवडा तर तो घरूनच काम करतो. तो घरात असताना आयाम्मा हवीच कशाला? आपण करून बघू. आयाम्माला तमिळ आडी महिन्यात गावच्या अम्मन देवीच्या जत्रेला जायचंच होतं. ती खुशीत गेली, आणि मी दात-ओठ खात बँकेत गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा नवरा त्याच्या खोलीत कॉलवर होता. मला बघून त्याने अंगठा वर केला. कॉल संपल्यावर विजयी वीरासारखा बाहेर आला.

"बघ, आईने दिवसभरात एकदा हाक मारली नाही. आपण उगाच बाऊ करतो."

मी सासूबाईंच्या खोलीत गेले. पंखा गरगरत होता तरी खोली तापली होती. सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा चेंबू तसाच काठोकाठ. कॉफीचा फ्लास्क उघडलेलासुद्धा नाही. त्यांचे ओठ सुकून पापुद्रे आले होते.

"आई, पाणी का नाही प्यायलात?"

त्या तंजावरकडच्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, माझ्या नाशिकच्या मराठीहून वेगळी. हळू आवाजात म्हणाल्या, "प्यालें तर उठावें लागतें. उठवायास त्याला कसें बोलावूं? लेक आहे तो. अय्यो, लाज वाटतें."

नवरा दारात उभा होता. त्याने ऐकलं.

"पण मी इथेच होतो," तो म्हणाला. "शेजारच्या खोलीत."

"होतास ना," मी ओरडले, आणि ओरडल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. "सरासरी घरात पुरुष असतो, तसा होतास!"

मी चेंबूतलं पाणी पेल्यात ओतून सासूबाईंच्या ओठांशी नेलं. त्यांनी माझं मनगट धरून पेला अडवला.

"उद्यां बँकेला जाऊं नको."

त्यांच्या डोळ्यांत अजीजी होती. त्या तक्त्याने जे मागितलं होतं तेच आता ही तहानलेली म्हातारी मागत होती, आणि तिला नाही म्हणणं मला शंभरपट जड होतं. एवढा राग मला त्या दिवसभरात आला नव्हता.

"उद्या मी जाणार, आई. परवाही जाणार," मी नवऱ्याकडे बघत म्हणाले. "आयाम्मा येईपर्यंत दुसरी बाई बघते, उद्या सकाळपासूनच. आत्ता फोन करते. तिचा पगार हा देईल."

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं नाही.

"उद्यां ती नवी बाई येईस्तोवर तूं घरांत आहेस ना?"

"आहे."

मग त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला.