धोंडिरामकाकांची आरोळी

आमच्या घाटकोपरच्या कॉलनीत रोज सकाळी हातगाडीवर भाजी घेऊन येणारे धोंडिरामकाका मूळचे जुन्नरकडचे. गळा असा खणखणीत, की चौथ्या मजल्यावर मिक्सर चालू असला तरी ऐकू येतो. पण नवीन माणूस ती आरोळी ऐकून चक्रावतोच. "ढगभाजी घ्याऽऽ! आजोबागाजर! चघळकाठी ताजीऽऽ!"

ढगभाजी म्हणजे फ्लॉवर. हा शब्द बी विंगमधल्या श्रुतिकाचा. मुळा पांढरा, म्हणून धवलने त्याला आजोबागाजर केलं. शेवग्याच्या शेंगेला चघळकाठी म्हणणारं पोर आता इंजिनिअरिंगला आहे, तरी काका ओरडताना त्याच्या खिडकीकडे मान वर करतातच. लहान पोरांनी भाज्यांना ठेवलेली नावं काका आरोळीत घेतात आणि कोणी विचारलं, की शब्द कोणाचा तेही कौतुकाने सांगतात. अट एकच, शब्द पोराचा स्वतःचा पाहिजे. आईबापांनी पढवलेला त्यांना लगेच कळतो आणि तो ते घेत नाहीत.

माझा सम्यक तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. 'आई'सुद्धा नाही. कान तपासले, ठीक होते. मुलुंडला स्पीच थेरपी सुरू केली. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, धीर धरा म्हणायच्या. धीर आणायचा कुठून? रोज सकाळी खालून दुसऱ्यांच्या पोरांचे शब्द ऐकू यायचे आणि मला रडू फुटायचं. मला एवढंच हवं होतं, माझ्या पोराचा एक शब्द त्या आरोळीत.

आणि काका काय करायचे? मी सम्यकला घेऊन खाली गेले, की सगळ्या बायकांसमोर त्याच्यापुढे एखादी भाजी धरायचे. "सम्यकशेठ, हे काय?" आणि थांबायचे. मागे गिऱ्हाईक ताटकळतंय, ह्यांना पत्ता नाही. एकदा मी भडकलेच.

"काका, त्याला बोलता येत नाही, माहितीये ना तुम्हाला? मग सगळ्यांसमोर कशाला?"

"येत नाही कुठं? शेठ अजून बोलले नाहीत, एवढंच," काका म्हणाले. "सगळ्या पोरांना विचारतो मी. ह्यांनाच वगळू होय?"

शेजारच्या अनुपमाला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "काका, सम्यकच्या नावाने तुम्हीच एखादा शब्द ओरडा ना."

"छ्या! त्यांचा ते देतील," असं म्हणून काका वांगी तोलायला लागले.

दिवाळी होऊन गेली होती. लाल भोपळा कापायच्या आधी काका नेहमी त्याच्यावर थाप मारून बघतात. त्या दिवशी थाप मारली, तसा सम्यक माझ्या कडेवरून खाली वाकला. त्यानेही भोपळ्यावर हात आपटला. परत आपटला. आणि मोठ्याने म्हणाला, "ढुंबूक!"

माझ्या हातातली कोथिंबीर गळून पडली. अनुपमा तर किंचाळलीच. काकांनी मात्र सुरी बाजूला ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "काय म्हणालात शेठ?"

"ढुंबूक," सम्यक म्हणाला आणि खदखदून हसला.

भोपळा आम्ही अख्खा विकत घेतला. संध्याकाळी माझ्या नवऱ्याने, निलेशने, सम्यककडून तो शब्द इतक्या वेळा वदवून घेतला, की शेवटी मीच ओरडले, "अरे, पुरे आता, घसा बसेल त्याचा!" हे वाक्य माझ्या पोराबद्दल बोलायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही खिडकीत. गाडी गेटमधून आत आली. काकांनी आमच्या चौथ्या मजल्याकडे मान वर केली.

"ढुंबूक घ्याऽऽ, ढुंबूक! गोड ढुंबूऽऽक!"

सम्यक ग्रील धरून उड्या मारायला लागला. खाली नवीनच राहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "अहो, ढुंबूक म्हणजे काय? आणि हे नाव ठेवलं कोणी?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्याकडे बघून त्यांनी नुसता हात वर केला.

"माझ्या पोराने!" मी चौथ्या मजल्यावरून ओरडले. "माझ्या सम्यकचा शब्द आहे तो!"

त्या दिवशी माझा आवाज काकांच्याही वर गेला.