ताईनं सांगितलेला सिनेमा

माझी शाळा आठवीतच सुटली, म्हणून जर्सी सिटीतल्या त्या घरात परका सिनेमा लागला की पडद्याखालची इंग्रजी अक्षरं ताई मला मराठीत सांगायची. ताई म्हणजे माझी मावसबहीण. माझा नवरा गेल्यावर गावात मला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा तिनं तिची पोरगी सांभाळायला मला इतक्या लांब बोलावून घेतलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत. काहीतरी चुकेल म्हणून मी सदा धास्तावलेली असायचे, गॅस बंद केलाय ना ते पुन्हा पुन्हा बघायचे. पण त्या हिवाळ्यात धास्ती वेगळीच होती. ताईला विमानानं जावं लागेल इतक्या लांब, चँडलरला नोकरी मिळत होती, सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. दाजी जा म्हणत नव्हते, आणि जाऊ नको असंही म्हणत नव्हते.

शनिवारी दुपारी पोरगी झोपल्यावर ताईनं लायब्ररीतून आणलेला जुना फ्रेंच सिनेमा लावला. लग्नाआधी दोघांनी पुण्यात पाहिलेला.

"रडका आहे तो," दाजी मला म्हणाले. "तुझ्या बहिणीसाठी टिश्यूचा बॉक्स धरून बस."

"तुम्ही धरा की! बायको तुमची ना?"

हसले बिचारे.

लढाई नुकतीच संपलेली. पडक्या गावातल्या एका शिंपिणीचं एका माणसावर मन बसतं. मग त्याची मेली समजलेली बायको कैदेतून जिवंत परत येते, आणि शिंपीण गाव सोडायला निघते. बसच्या पायरीवर उभी राहून ती त्याला दोन शब्द बोलली. ताई मात्र सांगतच राहिली, "ती म्हणतेय, एकदा थांब म्हण. नुसतं म्हण. मी सामान खाली ठेवते. इतके दिवस वाट बघितली रे तुझ्या तोंडच्या एका शब्दाची."

मला वाटलं, फ्रेंच भाषाच तशी असेल, थोड्यात पुष्कळ मावणारी.

"काय सांगतेस तिला?" दाजी म्हणाले. "पोचल्यावर कळवते, एवढंच म्हणाली ती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दाजींकडे बघत होते. म्हणा हो, आता तरी म्हणा. त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी घसा खाकरला, ताईकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"तो म्हणतोय, काळजी घे," त्यांनी मला सांगितलं.

ताई उठून पोरीच्या खोलीत गेली. पुढचा सगळा सिनेमा दाजींनी सांगितला, मला कळावं म्हणून सावकाश, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. माझ्यासाठीच करत होते, मग बास म्हणायचं तरी कसं?

सोमवारी ताईनं फोनवर हो सांगितलं. दाजींनी तिच्याशी हात मिळवला आणि मला म्हणाले, "आज काहीतरी गोड कर."

मी शिरा केला. साखर फार पडली होती. दोघांनीही मुकाट खाल्ला.