ठोक्या आणि ताईची काच

त्याला सगळे ठोक्या म्हणत, आणि नाव अगदी चपखल होतं. लहानपणी घरातला रेडिओ बंद पडला तेव्हा त्याने त्याला एक चापट मारली आणि रेडिओ गायला लागला. झालं! जगातली कुठलीही अडलेली वस्तू चापटीने वठणीवर येते, असं गृहस्थाचं पक्कं मत होऊन बसलं. पुढे धक्क्यावरच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये त्याचं उभं आयुष्य गेलं. तिथेही इंजिनं, पंप, गंजलेले बोल्ट त्याच्या हातोडीपुढे नांगी टाकत. काही मोडत. मोडलं की म्हणायचा, "मोडायलाच झालं होतं." बायको म्हणे, "यांना दार उघडायला सांगितलं तर चौकट हातात घेऊन येतील." माणूस मात्र लाखातला. कुणाची बोट अडली की भरल्या ताटावरून उठून जायचा.

ताईचं काम निघालं तेव्हा मात्र तो कचरला.

ताई त्याची थोरली बहीण. दाजी, म्हणजे तिचे यजमान, वारले तेव्हा त्यांची सहलीची छोटी बोट ती आता काढून टाकणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ताईने कुणालाही न विचारता बोट चालवायचा परवाना मिळवला. "जन्मभर मागे बसून डबे उघडले," ती म्हणाली, "आता सुकाणू मी धरणार." अडलं ते वायपरवर. खाऱ्या हवेने दोन्ही दांडे खाऊन टाकले होते. नवे आणले होते, पण जुने आपापल्या खुंट्यांवर असे गंजून बसले होते की निघेनात. वायपर चालल्याशिवाय बोट बाहेर सोडणार नाही, असं बंदरावरच्या तपासनिसाने बजावलेलं. आणि समोरची काच अखंड, वळणदार. तसली काच करणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. काच तडकली की बोट कायमची धक्क्याला.

"हातोडी आणलीस?" ताईने विचारलं.

"सवयीने."

"ती तिकडे ठेव. माझ्या नजरेसमोर."

ठोक्याने ठेवली. गंज सोडवणारं तेल त्याने आदल्या दिवशीच मुरत घातलं होतं, त्यामुळे वरचे नट सहज निघाले. काचेवर त्याने जुनं ब्लँकेट टाकलं, त्यावर प्लायवूड. मग पुलर लावला. त्याची दोन नखं दांड्याच्या बुडाखाली अडकवायची आणि मधला स्क्रू खुंटीवर पिळत जायचं, म्हणजे दांडा वर उचलला जातो. जायला हवा. ठोक्या पिळत राहिला, पुलर कण्हत राहिला, दांडा ढिम्म. गरम पाण्यातून पिळलेलं फडकं बुडाला गुंडाळून पाहिलं. तरी ढिम्म. शेवटी पुलरचं नख सटकलं आणि धाडकन प्लायवूडवर आपटलं. दोघांनी ब्लँकेटचा कोपरा उचलून पाहिला. काच शाबूत होती.

आता मात्र ठोक्याचं डोकं तापलं. त्याने मोठा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"जरा तिरका घालून उचकटतो."

"टेकवणार कशावर?"

"काचेच्या कडेवर. हळूच गं."

"तुझं हळूच मला माहीत आहे. माझी शिलाई मशीन तुझ्या हळूचनेच गेली."

"मग तूच काढ!"

"काढते. सरक."

ताईने चष्मा चढवला, दांड्याच्या बुडाशी नाक नेलं आणि म्हणाली, "याला आणखी एखादा स्क्रू असेल का रे?"

"कंपनी कशाला घालेल?"

"कंपनी नाही. तुझे दाजी."

आणि ठोक्याला ताईचं घर आठवलं. त्या घरात एका खिळ्यावर काही टांगलेलं नसे. दाजी आरसा बसवत ते चार स्क्रूंनी, वर पुट्टी भरून, वर रंग फासून. रंगकाम करताना रंगारी तो आरसा काढायला गेले तेव्हा भिंतीचं प्लास्टरही सोबत आलं होतं. असा माणूस वाऱ्या-पाण्यातला वायपर एका नटावर सोडेल?

ताईने केसातली पिन काढून बुडाच्या मागची बाजू खरवडली. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली स्क्रूचं इवलंसं डोकं चमकलं.

"अरे देवा," ठोक्या म्हणाला, "मी मघापासून कुलूप लावलेलं दार ओढतोय."

त्याने खाच साफ केली, तेलाचा थेंब सोडला आणि जन्मात कधी वागला नसेल इतक्या नजाकतीने स्क्रू फिरवला. मग पुन्हा पुलर. थोडं पिळलं, टक् झालं, आणि पडायला आलेल्या दातासारखा दांडा हातात आला. दुसऱ्यालाही तसाच चोरस्क्रू होता. त्याने फार वेळ खाल्ला नाही.

प्लायवूड उचललं, ब्लँकेट काढलं. ठोक्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत काचेवरून तळवा फिरवला. चीर नाही, ओरखडा नाही. तेव्हा कुठे तो होता तिथेच फतकल मारून बसला.

"ताई, मी काच फोडणारच होतो गं."

"फोडली नाहीस ना? मग ऊठ. नवे लाव."

नवे दांडे बसले. ताईने बटण दाबलं, मोटर गुणगुणली आणि मिठाने धुरकटलेल्या काचेवर दोन कमानी उमटल्या. ताई टाळ्या पिटत राहिली.

"अगं, पाणी मार आधी! कोरडी काय घासतेस? चरे पडतील!" ठोक्या बादली घेऊन धावला.

"ओरड, ओरड," ताई हसत म्हणाली. "आला एकदाचा जिवात जीव."