बाबांचा खुलासा

निवृत्तीनंतर बाबांना मी माझा जुना लॅपटॉप दिला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, बाबांसाठी वेगळं खातं उघडलं आणि कारभाराचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार मात्र स्वतःकडेच ठेवले. बाबा दिसेल ते बटण दाबतात, म्हणून. हे त्यांना सांगायला हवं होतं, पण मला तेवढंही सुचलं नाही.

आमच्या बोथ गावच्या तहसील कचेरीत बाबांची सगळी नोकरी कारकुनीत गेली आणि त्यांना एकदाही मेमो मिळाला नाही. आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी ही गोष्ट मिळते.

त्या रविवारी मी नोकरीच्या गावाहून, उटनूरहून, घरी गेले. लॅपटॉपवर टॉवेल टाकलेला. आई म्हणाली, "चार दिवसांपासून धड जेवून नाई राह्यले."

बाबांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. समास सोडून, सुवाच्य अक्षरात खुलासा लिहिला होता: 'प्रिंटर बसवण्याच्या हेतूने, अधिकार नसताना संगणकास हुकूम दिला. कृत्य अनवधानाने घडले. पुनश्च होणार नाही.' वर 'प्रति, सक्षम अधिकारी', आणि पुढची जागा कोरी.

"कोणाच्या नावानं पाठवू, ते सांग," बाबा म्हणाले. "यूट्यूबवर पाहून हुकूम लिवला मी. तर लॅपटॉप म्हणते, तुमचं नाव अधिकाराच्या यादीत नाई, या घटनेचा रिपोर्ट होईल."

मला हसू फुटलं आणि तिथंच विरलं. बाबा पेन उघडून, कोऱ्या जागी नाव लिहायला खरोखरच थांबले होते.

"मले फोन काऊन नाई केला, बाबा?"

"लॅपटॉप तुह्या नावावर हाय. तुह्या नोकरीवर आलं असतं तं?"

तो रिपोर्ट कुठं जातो, हे सांगताना माझी जीभ अडखळली. तो कुठं जात नाही. त्याच लॅपटॉपमध्ये पडून राहतो, आणि तो पाहणारी अधिकारी म्हणजे मीच. चार दिवस बाबा माझ्याच धाकात होते, आणि तेही माझ्या काळजीपोटी. मला स्वतःचा भयंकर राग आला.

मी माझ्या खात्यातून एका ओळीत त्यांचं नाव अधिकाराच्या यादीत घातलं आणि लॅपटॉप बंद करून सुरू केला. मग खुलाशावर शेरा मारला: 'चूक अधिकाऱ्याची. अधिकार मंजूर.' खाली सही केली.

बाबांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि प्रिंटरचा हुकूम पुन्हा लिहिला. लॅपटॉपनं पासवर्ड मागितला, तसे ते माझ्याकडे वळले.

"तिकडं पाह्य," ते म्हणाले.

मी निमूट भिंतीकडे तोंड केलं, आणि प्रिंटरचा आवाज येईपर्यंत वळले नाही.