रेडवुडच्या वाटेवर सईनं बांधलेलं स्प्लिंट

गुरुवारची पूजा मी सोडून दिली होती, हे आधी कबूल करते. लग्नापासून न चुकता केलेली दत्तमहाराजांची पूजा. आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहतो. मी हाडांची डॉक्टर, आता निवृत्त. एकुलत्या एका मुलीनं, सईनं, डॉक्टर व्हावं एवढं एकच मागणं मी महाराजांपुढं ठेवलं होतं. तिनं हातात आलेली मेडिकलची ॲडमिशन नाकारली आणि कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या उंचच उंच झाडांच्या जंगलात रेंजर झाली. मराठी मंडळात कुणी विचारलं, की मी ‘सरकारी नोकरी आहे’ म्हणून विषय बदलायची. देवानं माझं ऐकलं नाही, म्हणून मीही त्याच्याशी बोलणं टाकलं.

गेल्या ऑक्टोबरात सईनं फारच आग्रह केला, तेव्हा तिच्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी तिची ड्युटी होती. मला झेपेल अशी एक वाट तिनं नकाशावर पेननं आखून दिली. जंगलात शिरले आणि थबकलेच. मान कितीही मागं टाकली तरी झाडांचे शेंडे दिसेनात. वर धुकं होतं आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. तशीच वर बघत चालले, एका मुळात पाय अडकला आणि उतारावर कोसळले. घोटा मोडलाय हे मला आवाजावरूनच कळलं. फोनला रेंज नव्हती. हाका मारल्या, पण माझा आवाज त्या झाडांतच जिरून जात होता. अंगात थंडी भरायला लागली. कितीतरी महिन्यांनी तोंडातून आपोआप निघालं, “महाराज, आता तुम्हीच बघा.” त्यात मागणं असं काही नव्हतंच.

थोड्या वेळानं एक वयस्कर अमेरिकन बाई काठी टेकत आल्या. पुढं झाड पडून त्यांची नेहमीची वाट बंद झाली होती, म्हणून त्या इकडून वळल्या होत्या. त्यांनी आपलं जाकीट माझ्या अंगावर घातलं, थर्मासमधला चहा पाजला. त्यांच्याकडं सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटंसं यंत्र होतं, त्यावरून मदत मागवली आणि माझा हात धरून बसून राहिल्या.

पाऊण तासानं दोन सहकारी आणि स्ट्रेचर घेऊन सई आली. मला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण क्षणभरच. गुडघ्यावर बसत ती म्हणाली, “आई, डोन्ट मूव्ह. मी पायाला हात लावतेय. दुखलं तर सांग.”

तिनं बुटाची नाडी कापली, पावलावरची नस चाचपली, नख दाबून रक्त परत येतंय का पाहिलं, बोटं हलवायला लावली. मी दुखणं विसरून तिची चूक शोधत होते. चूक नव्हती. माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुलांना इतक्या हलक्या हातानं घोटा धरता येत नसे. घोटा हलू नये म्हणून आधाराचं स्प्लिंट बांधून झाल्यावर तिनं विचारलं, “टाइट होतंय का?”

मी म्हटलं, “नाही गं. मीही असंच बांधलं असतं.”

 ती मान खाली घालून पट्टीचं टोक पुन्हा पुन्हा सारखं करत राहिली.

या गडबडीत त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. सईनं नंतर चौकशी केली, पण पत्ता लागला नाही. त्यांची वाट बंद झाली नसती तर त्या माझ्यापर्यंत आल्या नसत्या, एवढंच मी सांगू शकते.

तीन दिवसांनी मी पायाला प्लास्टर घालून जंगलातल्याच एका बाकावर बसले होते. समोर सई तीसेक माणसांना सांगत होती, की या झाडांची साल इतकी जाड असते की ती वणव्यातूनही तगतात. लहान-थोर सगळे तिच्याकडं टक लावून बघत होते. अडचणीत सापडलेल्या माणसाला हात देणारी लेक मला हवी होती, आणि ती मला केव्हाच मिळाली होती. तिनं कुठला कोट घालावा, हे मात्र मीच ठरवून बसले होते. डोळे भरून आले. मनातल्या मनात महाराजांपुढं डोकं टेकलं.

शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, ही मुलगी फार सुंदर समजावून सांगते. आयुष्यभर मी परक्या माणसांना माझी ओळख डॉक्टर अशीच करून दिली होती. त्या दिवशी पाठ ताठ करून म्हटलं, “आय ॲम हर मदर.”