राजाच्या लेकीचा वंश

लग्नानंतर सहा वर्षांनी मी बाहेरून बी.ए.ला बसले. आम्ही तेव्हा रोह्याजवळच्या गावात राहत होतो. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा आणि मी दोन मुलींना सांभाळून जमेल तसा अभ्यास करायचे. बाकीचे विषय सुटले, पण इंग्लंडच्या इतिहासात मी नापास झाले. त्यात स्कॉटलंडच्या एका जुन्या राजाचं घराणं होतं. नावं अशी की जीभ अडखळावी, आणि कोण कोणाचा मुलगा हे काही केल्या ध्यानात राहीना.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण आमच्या भागात कोणाचं कोणाशी नातं लागतं, हे त्यांना विचारल्याशिवाय सोयरीक ठरत नसे. एका दुपारी आम्ही दोघी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो आणि मी तोंडातल्या तोंडात घोकत होते. कसला जप चाललाय, असं त्यांनी विचारलं. मी माझी अडचण सांगितली.

"नावं ऱ्हावू दे गो. कोन कोनाचा कोन, तेवढंच सांग."

मग मी सांगितलं. राजाच्या दोन बायका. पहिलीनंतर त्याने दुसरी केली, तिला सहा मुलगे आणि दोन मुली झाल्या. राजा आणि दुसरीचा थोरला मुलगा लढाईत पडले, ती बातमी ऐकून राणी चार दिवसांत गेली. लगेच दिराने गादी बळकावली. त्याला पहिलीच्या मुलाने हुसकावलं, पण तोही काही महिन्यांत मारला गेला आणि काका परत आला. शेवटी दुसरीचे तीन मुलगे एकामागून एक राजे झाले.

सासूबाईंचे हात थांबले होते. आईबाप दोघंही गेल्यावर त्या दोन पोरींना कोणी पाहिलं, एवढंच त्यांना हवं होतं. मी पुस्तक उघडलं. मुली इंग्लंडात मठात होत्या, आणि त्यांची मावशीच तिथे जोगीण होती.

"मावशी व्हती ना? मग झालं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ही हकिगत आळीभर झाली. पहिलीच्या मुलाचा हक्क की दुसरीच्या, यावरून विहिरीवर दोन तट पडले. खात्री करायला बायका माझ्याकडे येत. सांगून सांगून मला सगळं पाठ झालं.

पुन्हा परीक्षा आली. केंद्र पेणला होतं. मुलींना घेऊन सासूबाई बरोबर निघाल्या. गाडीने कासू स्टेशन सोडल्यावर त्यांनी माझी उजळणी घ्यायला सुरुवात केली. दिराला कोणी हाकललं, सावत्र मुलाला कोणी मारलं. समोरचे एक म्हातारे गृहस्थ ऐकत होते. घरातल्या गोष्टी घरातच मिटवाव्यात, कोर्टात जाऊ नये, असं त्यांनी आम्हाला कळकळीने समजावलं. सासूबाईंनी मान डोलावली.

त्याच घराण्यावर प्रश्न आला. हात दुखेपर्यंत लिहिलं, आणि पास झाले.

पुढच्या उन्हाळ्यात पेणला एका लग्नात नवऱ्याच्या लांबच्या मामांनी जेवताना सगळ्यांदेखत मला विचारलं की दोन्ही मुलीच, आता वंशाचं काय. सासूबाई शेजारीच होत्या.

"त्या राजाला सा पोरगे व्हते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन आज इंग्लंडच्या गादीवर बसत्यात ती मानसं त्याच्या पोरीच्या पोटची हायत."

हेही मीच त्यांना सांगितलं होतं. थोरली लेक इंग्लंडच्या राजाला दिली, आणि तिच्या लेकीचा मुलगा पुढे तिथला राजा झाला. मामांनी विचारलं, कोणता राजा. मग सासूबाईंनी पहिल्या बायकोपासून सुरुवात केली. मामांचा भात निवून गेला, तरी ते ऐकत होते.

एके ठिकाणी त्या चुकल्या, सहा मुलग्यांचे सात झाले. मी माझा भात कालवायला घेतला.